उपेक्षित राजा

पूर्व घाटातील एका अरण्यात रात्र झाली आहे. एका जुन्या वृक्षाच्या खोडात पुरुषभर उंचीवर एक ढोली आहे. ढोलीच्या तोंडाशी सालीचा एक तुकडा किंचित सुटून आल्यासारखा दिसतो. थोड्या वेळाने तो तुकडा हलतो. त्यातून एक लांब पाय पुढे येतो, मग दुसरा, मग तिसरा. पाहता पाहता माणसाच्या पंजाएवढा एक कोळी खोडावर येतो आणि निश्चल होऊन भक्ष्याची वाट पाहू लागतो.

घराच्या कोपऱ्यात जाळे विणणारा हा कोळी नव्हे. जगभर टॅरंटुला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केसाळ व दणकट कोळ्यांपैकी हा एक आहे. टॅरंटुलांपैकी पुष्कळसे जमिनीत बिळे करून राहतात. हा मात्र वृक्षवासी आहे. ज्या प्रजातीत याची गणना होते, तिचे नाव पोइसिलोथेरिया. ‘चित्रविचित्र रंगांचे श्वापद’ असा त्या ग्रीक शब्दांचा अर्थ होतो. भारत आणि श्रीलंका सोडून जगातील दुसऱ्या कोणत्याही अरण्यात या प्रजातीचे कोळी आढळत नाहीत. प्रस्तुत कोळ्याचे वर्णन ब्रिटिश शास्त्रज्ञ रेजिनाल्ड पोकॉक यांनी 1899 साली केले. त्यांनी त्याला ‘रेगॅलिस’ म्हणजे ‘राजेशाही’ असे नाव दिले.

वरवर पाहणाऱ्यास या राजाची वस्त्रे साधीच वाटतील. करडा, राखी आणि तपकिरी एवढेच त्याचे रंग. परंतु त्यांची गुंफण अशी की, पाठीवर जणू एखादे नक्षीदार पान कोरले आहे असे वाटावे. तो सालीला चिकटून बसला म्हणजे साल कोणती आणि कोळी कोणता, हे ओळखणे कठीण जाते. मात्र कोणी त्याला छेडले, तर तो पुढचे पाय वर उचलतो आणि त्यांच्या खालच्या बाजूचा झगझगीत पिवळा रंग एकदम प्रकट होतो. शत्रूला दिलेली ती ताकीद असते. अमेरिकेतील अनेक टॅरंटुला अंगावरचे खाजरे केस शत्रूवर उडवतात. ते अस्त्र याच्याजवळ नाही. दडून बसणे, विजेच्या वेगाने पळणे आणि निरुपाय झाला तरच चावणे, ही याची युद्धनीती. याच्या दंशाने माणूस दगावल्याची नोंद नाही. पण तीव्र वेदना होतात आणि स्नायूंत येणारे पेटके कित्येक दिवस छळू शकतात. म्हणून झाडाच्या ढोलीत हात घालण्याचे धाडस कोणी करू नये.

त्याच्या शरीराची रचनाही वृक्षावरील जीवनास साजेशी आहे. अंग चपटे असल्यामुळे तो अरुंद फटीत सहज शिरतो. पायांच्या टोकांशी अतिशय सूक्ष्म केसांची दाट गादी असते. तिच्या योगाने तो उभ्या, गुळगुळीत पृष्ठभागावरूनही घसरत नाही. डोळे आठ असूनही दृष्टी मंदच असते; पण खोडावरून चालणाऱ्या किड्याची हालचाल त्याला पायांतूनच कळते. वाढ होताना तो जुनी कात टाकतो. एखादा पाय तुटला, तर पुढील कात टाकण्याच्या वेळी तेथे नवा पाय येऊ लागतो. पिल्ले अंड्यांतून बाहेर पडल्यावर काही काळ आईच्याच ढोलीत राहतात. कोळी म्हटला की एकलकोंडा, अशी आपली समजूत असते. येथे ती खोटी ठरते.

युरोप-अमेरिकेत असे कोळी काचेच्या पेटीत पाळणारे अनेक हौशी लोक आहेत. त्यांना हा राजा चांगला परिचित आहे. बंदिवासातही त्याची पैदास होते, त्यामुळे तो सहज मिळतो. पण अतिपरिचयाने अवज्ञा होते म्हणतात, तसेच येथे झाले. दिवसभर सालीच्या तुकड्यामागे दडून बसणाऱ्या या करड्या कोळ्याकडे पाहण्यास सवड कोणाला? सर्वांच्या नजरा गेल्या त्याच्या निळ्या भाईबंदाकडे.

त्या निळ्या कोळ्याची कथा मोठी विलक्षण आहे. आंध्र प्रदेशातील गुत्ती येथे रेल्वेच्या लाकडांच्या वखारीत तो प्रथम सापडला. पोकॉक यांनीच 1899 साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर शंभर वर्षे तो कोणाच्या दृष्टीस पडला नाही. शेवटी 2001 साली गुत्तीपासून सुमारे शंभर किलोमीटर दूर, नंद्याळ व गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या अरण्यात त्याचा पत्ता लागला. वखारीत तो लाकडांबरोबर रेल्वेने आला असावा. त्याची निळाई पाहून हौशी लोक मोहित झाले, त्याची किंमत वाढली आणि चोरून पकडणारे अरण्यात शिरले. त्याचे माहेरघर शंभर चौरस किलोमीटरांहूनही लहान आहे, आणि तेथेही सरपणासाठी व इमारती लाकडासाठी वृक्षतोड चालते. 2008 साली त्याची नोंद अत्यंत संकटग्रस्त प्राण्यांत झाली. 2019 साली जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने पोइसिलोथेरिया प्रजातीच्या सर्वच कोळ्यांच्या व्यापारावर निर्बंध घातले.

एकाला रूपाने घात केला, तर दुसऱ्याच्या वाट्याला उपेक्षा आली. परंतु दोघांचे जीवन एकाच गोष्टीवर अवलंबून आहे. ती म्हणजे जुना, ढोली पडलेला वृक्ष. अशा वृक्षाचे लाकूड सरळ नसते, म्हणून तो निरुपयोगी मानला जातो आणि सरपणासाठी त्याच्यावर कुऱ्हाड चालते. व्यापारावर निर्बंध घालता येतात; पण पन्नास-शंभर वर्षांनी तयार झालेली ढोली कोणत्याही कायद्याने एका दिवसात परत आणता येत नाही. निळ्या कोळ्याचे कौतुक करणाऱ्यांनी आणि करड्या कोळ्याकडे पाठ फिरवणाऱ्यांनीही त्या वृक्षाकडे क्वचितच पाहिले.

रात्र सरते. पूर्वेकडे उजाडू लागते. करडा राजा मागे सरकत सरकत ढोलीत शिरतो, आणि खोडावर पुन्हा नुसती साल उरते.

स्वाध्याय

1. या कोळ्याला ‘उपेक्षित राजा’ का म्हटले आहे?
2. वृक्षावर राहण्यास या कोळ्याला कोणत्या अवयवांची मदत होते?
3. ‘एकाला रूपाने घात केला’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
4. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या वृक्षाचे निरीक्षण करा आणि त्याच्या आश्रयाने राहणाऱ्या जिवांविषयी दहा ओळी लिहा.