वसतिगृहाला निघालेल्या नातीस

पोरी, तुझ्या पुण्याच्या हॉस्टेलच्या खोलीचा फोटो पाहिला. दोन कॉट, दोन टेबलं, भिंतीतली कपाटं, पश्चिमेची खिडकी, वर एकच पंखा. तुझी आई यादी घेऊन बाजारात निघाली होती, तिला मीच थांबवलं.

मी १९७३ च्या जूनमध्ये बार्शीला बोर्डिंगात आलो. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सोसलेला, बार्शी लाईटच्या छोट्या गाडीतून उतरलो तेव्हा बरोबर पत्र्याची ट्रंक आणि वळकटी एवढंच होतं. एका खोलीत पाच जण. आपल्याकडच्या खेड्यांतली पोरं शिकली ती आधी बोर्डिंगमुळे, हे विसरू नकोस. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ मध्ये बोर्डिंग काढलं, भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात, आणि आपल्या बार्शीत कर्मवीर मामासाहेब जगदाळ्यांनी. शाळा गावापासून लांब असली तरी चालेल, पण पोराला रात्री पाठ टेकायला जागा पाहिजे, हे त्या माणसांनी ओळखलं होतं. म्हणून मीही तुला आधी झोपेचंच सांगतो.

खोलीत गेलीस की सामान आत घेऊ नकोस. बाहेर ठेव आणि मोबाईलची बॅटरी लावून कॉट तपास. सांधे, स्क्रूची भोकं, फळीच्या खालची बाजू बघ. शाई शिंपडल्यासारखे काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत असं समज. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हे पाहिलं नव्हतं. भाड्याच्या खोलीत सरळ गादी टाकली आणि पुढं दोन महिने रात्री दिवा लावून बसलो. ढेकणाला आणि त्याच्या अंड्यांना उष्णता सोसत नाही. लोखंडी कॉट असेल तर रेक्टरना सांगून अंगणात काढायची आणि सांध्यांत उकळतं पाणी ओतायचं. लाकडी असेल तर बदलून मागायची. मागायला लाजू नकोस.

गादी फोमची घेऊ नकोस. आपल्या पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून भरून घेऊ, पण कॉटचं माप तिथं गेल्यावर कळव, मगच भरायची. रविवारी तिला ऊन दाखवायचं आणि दर वेळी उलटायची. सोलापुरी चादरी दोन ने. थंडीत पांघरायला आणि उन्हाळ्यात अंथरायला तीच चालते, पण जाड असते म्हणून पुण्याच्या पावसात एक धुतली तर दोन दिवस वाळत नाही. पहिली धुणी गार पाण्यात, वेगळी. नाहीतर पांढरे कपडे जातील.

पश्चिमेच्या खिडकीखाली डोकं करू नकोस, भिंत संध्याकाळनंतरही तापलेली राहते. कॉट आतल्या भिंतीला आणि टेबल खिडकीकडे ठेव. तू उजव्या हातानं लिहितेस, तेव्हा उजेड डावीकडून यायला हवा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही.

विजेचं नीट ऐक. भिंतीतलं लहान सॉकेट सहा अँपिअरचं असतं. पाणी तापवायचा रॉड पंधराशे वॅटचा, म्हणजे एकटाच साडेसहा अँपिअर ओढतो. तो एक्स्टेन्शन बोर्डवर लावला की वायर तापते, प्लास्टिक वितळतं. बहुतेक हॉस्टेलांत रॉडला बंदी असते ती उगाच नसते. रॉड नेऊ नकोस, अंघोळीला थोडं लवकर उठ. एक्स्टेन्शन बोर्ड आयएसआय छापाचा घे. त्यावर लॅपटॉप, मोबाईल आणि एलईडीचा टेबललॅम्प, बस.

आता डबा. आजी ज्वारीच्या कडक भाकरी करून देणार आहे. पातळ थापलेली भाकरी मंद आचेवर पापडासारखी वाजेपर्यंत वाळवली की तिच्यातलं पाणी जातं, म्हणून ती महिनाभर टिकते. वारीला, परगावी जाणाऱ्याच्या गाठोड्यात आपल्याकडे पूर्वापार तीच बांधतात. डबा घट्ट झाकणाचा हवा आणि साबणाच्या कपाटात ठेवायचा नाही, वास लागतो. शेंगाचटणीत ओला चमचा घातलास तर आठ दिवसांत बुरशी येईल. मुंग्या आल्या तर परातीत पाणी घालून डबा मधे ठेव. मेसची भाजी घशाखाली उतरणार नाही त्या रात्री भाकरी चुरायची, वर दही, चटणी, कच्चा कांदा.

आणि तो डबा पहिल्याच रात्री रूम पार्टनरपुढं उघड. ती कुठली का असेना. खाताना दोन गोष्टी बोलून घ्या: दिवा किती वाजता मालवायचा, आणि फोनवर बोलायचं ते खोलीत की व्हरांड्यात. महिन्याभरानं हेच बोललं की भांडण होतं.

कपाटाला स्वतःचं पितळी कुलूप लाव, दुसरी किल्ली हॉस्टेलच्या ऑफिसात न देता आपल्या घरी ठेव. ओले कपडे खोलीत कॉटवर टाकू नकोस. बाकी बादली, मग, आरसा, दोरी तिथंच मिळतं. आठ दिवस राहून बघ, मग काय लागतं त्याची यादी पाठव, मी पैसे पाठवतो.

दिवाळीच्या सुट्टीला येशील तेव्हा भाकरीचा रिकामा डबा आठवणीनं आण. आजीकडे त्या मापाचा तो एकच आहे.