टायरची कडा आणि कोंडलेली हवा

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविण्याची रीत पुष्कळांनी पाहिलेली असते. धावेचा घेर चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवतात. ती विस्तवात तापविली की प्रसरण पावते. तशी ती चाकावर बसवून वर पाणी ओतले की आकसते आणि लाकडाला घट्ट आवळून धरते. मोटारीच्या टायरचे काम याहून वेगळे आहे. त्याच्या आतल्या कडेत पोलादी तारांचे कडे असते आणि ते ताणून मोठे करता येत नाही. ते ताणले जाऊ नये, हाच त्याचा मुख्य गुण होय. कारखान्यांत या कडेला 'बीड' म्हणतात.

१८८८ साली डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले, तेव्हा तो टायर चाकाला चिकटवून टाकावा लागे. १८९० साली चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी तारेची कडा आणि मध्ये खोलगट असलेली रिम अशी जोडी सुचविली. आजची चाके त्याच तत्त्वावर बनतात. कडेची एक बाजू रिमच्या खोलगट भागात उतरविली की समोरच्या बाजूला थोडी ढील मिळते आणि कडा रिमच्या उभ्या काठावरून आत जाते. पुढे हवा भरल्यावर ती खोलगट भागातून सरकत, लहानसा उंचवटा ओलांडून, आपल्या उतरत्या बैठकीवर चढते. त्या वेळी 'फट्' असा आवाज होतो.

ट्यूब असलेल्या टायरमध्ये हवा ट्यूबने धरलेली असते. ट्यूबलेस टायरमध्ये हवा अडविण्याचे कामही कडेलाच करावे लागते. येथे एक पेच उभा राहतो. कडा बसल्याखेरीज हवा टिकत नाही आणि हवा टिकल्याखेरीज कडा बसत नाही. रस्त्यावरील साध्या मोटारीत हा पेच सहसा जाणवत नाही. आडरानात जाणाऱ्या गाड्यांचे टायर मात्र रुंद, जाड आणि ताठ असतात. शिवाय वाळूत किंवा बर्फात जमिनीवरील पकड वाढावी म्हणून त्यांतील हवा मुद्दाम कमी केली जाते. आइसलंडमधील हिमनद्यांवर ३८ ते ४४ इंच व्यासाचे टायर लावलेल्या गाड्या जातात. मऊ बर्फावर त्यांतील दाब चार-पाच पौंडांपर्यंत, प्रसंगी त्याहूनही खाली आणतात. इतक्या कमी दाबात चाकाला बाजूने हिसका बसला तर कडा बैठकीवरून घसरते आणि उरलेली हवा एका क्षणात निघून जाते. मग वस्तीपासून दूर, थंडीने ताठरलेला टायर पुन्हा बसविण्याची पाळी येते.

अशा वेळी सर्वांत आधी ओळखावयाचे ते हे की कडा नेमकी कोणत्या टप्प्यावर अडली आहे. टप्पे दोन आहेत आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत.

पहिल्या टप्प्यात कडा आणि रिम यांच्यात फट असते. भरलेली हवा तेथून निसटते. येथे उणीव असते ती हवेच्या वेगाची. जितकी हवा बाहेर जाते त्याहून अधिक हवा त्याच वेळी आत आली पाहिजे. म्हणून व्हॉल्व्हमधील सुई काढून ठेवतात. त्यामुळे वाट मोठी होते. लहान कॉम्प्रेसर पुरत नसेल तर टाकीत साठविलेली हवा एकदम सोडतात. टायरच्या बाहेरच्या घेराभोवती पट्टा आवळला तर मधला भाग दबतो आणि दोन्ही कडा बाहेरच्या बाजूंना फाकून रिमच्या जवळ येतात. कडांनी हवा धरली की पट्टा लगेच सोडावा. दाब वाढू लागल्यावर तो आवळलेला राहता कामा नये. थंडीने ताठ झालेला टायर काही वेळ उन्हात किंवा उबदार जागी ठेवला तर रबर मऊ पडते आणि काम सोपे होते.

दुसऱ्या टप्प्यात हवा टिकलेली असते, दाबही वाढत असतो, परंतु कडेचा एखादा भाग उंचवटा ओलांडत नाही. येथे अडथळा घर्षणाचा असतो. बैठकीवर गंज किंवा जुन्या रबराची खपली असेल तर ती आधीच घासून काढलेली असावी, आणि कडेला व रिमला टायर बसविण्यासाठी मिळणारे वंगण किंवा साबणाचे पाणी लावलेले असावे. ग्रीस, खनिज तेल किंवा पेट्रोल वापरू नये. त्यांनी रबर बिघडते, आणि पुढे टायर रिमवर घसरूही शकतो.

याच टप्प्यावर माणसाला मोह होतो, 'आणखी थोडी हवा भरू.' अपघात बहुधा येथेच होतात. मोटारीच्या टायरची कडा बसविताना ४० पौंडांहून अधिक दाब देऊ नये, असा उत्पादकांचा सर्वसाधारण इशारा असतो. टायरवर याहून कमी मर्यादा छापलेली असेल तर तीच पाळावयाची. या आकड्यामागचा हिशेब साधा आहे. ३१ इंच व्यासाचा टायर १६ इंचांच्या रिमवर असेल तर त्याच्या एका बाजूचे क्षेत्रफळ सुमारे ५५० चौरस इंच भरते. दर चौरस इंचावर ४० पौंड धरले तर त्या बाजूवर सुमारे २२,००० पौंड, म्हणजे जवळजवळ १० टन जोर येतो. त्याचा निम्मा भार कडेवर आला तरी तो पाच टनांचा होतो. शिवाय हवा ही दाबून ठेवलेल्या स्प्रिंगसारखी असते. कडेतील तार तुटली तर तो सारा जोर क्षणार्धात मोकळा होतो, आणि चाकावर वाकलेल्या माणसाला बाजूला होण्यास अवधी मिळत नाही.

तार तुटण्याचे एक कारण मापाची गफलत हे आहे. अमेरिकेतील काही जुन्या छोट्या मालवाहू गाड्यांना, तसेच तेथील लष्कराच्या हमव्ही गाडीला, साडेसोळा इंचांच्या रिमा असत. अशा रिमवर १६ इंचांचा टायर चढविता येतो, परंतु त्याची कडा बैठकीपर्यंत पोहोचूच शकत नाही. कडा हट्टी आहे असे समजून हवा वाढविली जाते आणि शेवटी तार तुटते. या एका चुकीने माणसे दगावली आहेत. म्हणून रिमवरील आणि टायरवरील आकडे काम सुरू करण्यापूर्वीच वाचले पाहिजेत. अर्धा इंच डोळ्यांना दिसत नाही.

आडरानात आणखी एक युक्ती प्रचलित आहे. टायरमध्ये ज्वालाग्राही द्रव फवारून तो पेटवितात. तापलेले वायू एकदम फुगतात आणि कडा बैठकीवर आदळते. आइसलंडच्या बर्फात ती अनेकांनी वापरली आहे आणि पाहणाऱ्याला ती मोठी चतुराईची वाटते. परंतु आत किती वाफ साचली आहे हे कोणालाच मोजता येत नाही. स्फोटाचा दाब दाखविणारे मापक तेथे नसते आणि तो रोखणारी झडपही नसते. आतील अस्तर भाजते. न जळलेली वाफ मागे राहिली, तर नंतर भरलेल्या हवेतून तिला नवा प्राणवायू मिळतो. वायू थंड होताच दाब उतरतो आणि कडा पुन्हा सुटू शकते. लोखंडी धावेला विस्तव उपयोगी पडतो, कारण तेथे तो उघड्यावर असतो. बंद टायरच्या पोटात त्याला जागा नाही.

कामाची सुरक्षित रीत अशी. टायरच्या बाजूला भेग, फुगवटा किंवा उघडी पडलेली तार दिसली तर तो भरूच नये. हवा नसताना बरेच अंतर चाललेल्या टायरच्या आतील पोलादी दोऱ्या कमकुवत होतात, आणि पुन्हा हवा भरताना तो बाजूने उसवल्यासारखा फाटू शकतो. म्हणून तो तपासल्याशिवाय वापरू नये. व्हॉल्व्हला आपोआप धरून राहणारा चिमटा आणि लांब नळी वापरावी. दाबमापक व बंद करण्याची चावी आपल्या हाताशी असावी. हवा भरताना चाकावर वाकू नये, बोटे कडेजवळ नेऊ नयेत आणि डोळ्यांवर चष्मा असावा. दाब असताना टायरवर वा रिमवर हातोडी मारू नये. अमेरिकेत मोठ्या वाहनांच्या चाकांसाठी १९८० साली नियम करण्यात आले आणि १९८४ साली ते एकसंध रिमांनाही लागू झाले. त्यांतही लांब नळी, चिमटा आणि पोलादी पिंजरा यांवर भर आहे.

४० पौंडांपर्यंत कडा बसली नाही तर हवा पूर्ण सोडावी, कडा पुन्हा खोलगट भागात उतरवावी, वंगण लावावे, टायर रिमवर थोडा फिरवावा आणि नव्याने सुरुवात करावी. दुसऱ्या प्रयत्नातही तसेच झाले तर मापे पुन्हा पाहावीत आणि चाक पिंजरा असलेल्या कारखान्यात न्यावे. कडा बसली की टायरच्या बाजूवरील वर्तुळाकार रेषा रिमच्या काठापासून सगळीकडे सारख्याच अंतरावर आहे का, हे दोन्ही बाजूंनी पाहावे. त्यानंतर व्हॉल्व्हची सुई परत बसवून हवा नेहमीच्या दाबावर आणावी आणि काठाभोवती साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते तपासावे. बुडबुडे आले नाहीत, तरच चाक गाडीला लावावे.