येळवसीला ये

चि. मेघना हिस,


तुझी भूकंपावरच्या प्रश्नांची यादी मिळाली. पहिलाच प्रश्न, ‘त्या क्षणी काय वाटलं?’, तेवढा आधी खोडून टाक. रागावू नकोस. किल्लारीच्या पंचक्रोशीत या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाकडे तयार आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं, गणपती बुडवून माणसं नुकती आडवी झालेली, मग तो गडगडाट, मग धूळ. मीही असंच सांगते. इतक्या वेळा सांगितलंय की त्यातलं माझं किती आणि शेजारणीचं ऐकून आलेलं किती, ते आता मलाच निवडता येत नाही. वाईट एवढंच वाटतं, की मिनिटभराच्या त्या हलण्यापुढे लोक जातच नाहीत. आमचं जगणं तर त्यानंतर सुरू झालं.

म्हणून तू आधी घरांबद्दल विचार. आमची घरं माळवदाची होती. दगडमातीच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती आणि डोक्यावर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा असा, की दुपारी पांघरूण घ्यावं. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी वर नवी माती पडायची, वजन वाढत जायचं. भिंत बाहेरून एकसंध दिसे, पण आतला आणि बाहेरचा थर वेगळा, मध्ये भरलेली माती-खडी, आणि दोन्ही थरांना बांधून धरणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. हलली तशी भिंत दोन्हीकडे सुटली आणि माळवद खाली आलं. माझ्या सासूबाई माजघरात होत्या. आम्ही अंगणात निजलो होतो म्हणून राहिलो. यात कुणाचं शहाणपण नव्हतं, नुसता उकाडा होता.

आदल्या वर्षी, १९९२च्या पावसाळ्यानंतर, किल्लारीला धक्के बसले होते. लोक महिनाभर बाहेर झोपले, मग थंडी वाढली आणि आत गेले. दख्खनचं पठार म्हणजे पक्का खडक, इथे मोठा भूकंप व्हायचा नाही, असंच जाणतेही समजून होते. तेव्हा ‘लोकांनी इशारा का ओळखला नाही’ असला प्रश्न कुणा म्हातारीला विचारू नकोस, तो तिच्या गळ्यात दगड बांधल्यासारखा होईल.

गेलेल्यांचा आकडा कुठे आठ हजारांच्या आसपास देतात, कुठे दहा हजारांच्या घरात. त्यावर हुज्जत घालू नकोस. त्या दिवसांतलं एकच सांगते. सरणाला लाकूड पुरेना, तेव्हा पडलेल्या घरांच्याच तुळया आणि चौकटी काढल्या. वरून पाऊस. आणि रस्त्यावर बघ्यांच्या गाड्यांची अशी रांग, की मदतीची वाहनं अडकून पडत. मदतही केवढी आली! पण कपड्यांच्या ढिगात आमच्या बायकांनी कधी अंगाला लावले नसते असले कपडे निघाले. देणाऱ्याने एकदा विचारायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

मग पत्र्याच्या शेडमधली वर्षं. पुढे ५२ गावं नव्या जागी वसली. जमिनीच्या मालकीप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचं घर. रस्ते रुंद आणि सरळ, पण शेजार तुटला. पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला भिंत असलेली माणसं गावाच्या दोन टोकांना गेली. कित्येकांनी पक्क्या घरात धान्य भरलं आणि स्वतः पत्र्याखाली झोपले, कारण डोक्यावर स्लॅब नको वाटे. हे विचारलंस तर माणसं आधी हसतील आणि मग तासभर बोलतील.

मी शिकवत होते त्या वर्गातली काही मुलं भारतीय जैन संघटनेनं पुण्याला शिकायला नेली. सगळी मिळून बाराशेच्या आसपास पोरं गेली होती. ती आता चाळिशीत आहेत. एकजण मध्ये भेटायला आला होता. भूकंपाबद्दल चकार शब्द नाही. वसतिगृहात पहिल्या रात्री सगळ्यांनी अंथरुणं दारापाशी ओढली होती, एवढंच बोलला आणि चहा मागितला. मीही पुढे खोदलं नाही. तूही खोदू नकोस.

आणखी एक, नाजूक आहे. नुकसानभरपाईच्या पैशावरून भावाभावांत काय झालं, बायको गेलेल्यांनी वर्ष सरायच्या आत लग्नं केली आणि नवरा गेलेल्या मात्र तशाच राहिल्या, हे बायका तुला चुलीपाशी सांगतील, कॅमेऱ्यासमोर नाही. तेव्हा कॅमेरा बंद ठेव, लिहूनही घेऊ नकोस. आणि आपल्याच घरातलं असं काही कानावर आलं तर बाबाला फोन करून खातरजमा करत बसू नकोस, मला विचार.

३० सप्टेंबरला मात्र येऊ नकोस. त्या दिवशी स्मारकापाशी पुढाऱ्यांच्या गाड्या असतात आणि तुझ्यासारखी दहा पोरं माइक घेऊन उभी असतात. येळवसीला ये. आपल्या लातूर-धाराशिवकडे त्या अमावस्येला गाव मोकळं पडतं, सगळे शेतात. कोपीपुढे बसून भज्जी, उंडे, आंबील होते आणि माणसं आपणहून जुन्या गावाच्या गोष्टी काढतात. आमच्या शेतातून जुनं गावठाण दिसतं. आता तिथे बाभळी आहेत. जायचं असेल तर पायात बूट घालून ये, आणि मुक्कामाला किती जण आहात ते आठ दिवस आधी कळव, म्हणजे आंबिलीचं ताक त्या बेताने लावता येईल.

तुझी आत्या