फ्लेक्सवरचा माझा फोटो

नांदेडमध्ये एका क्लासच्या फ्लेक्सवर सध्या माझा फोटो आहे. नावाखाली ‘आयईएलटीएस स्पीकिंग ७’ असं ठळक छापलंय आणि वर ‘आमच्या यशस्वी विद्यार्थिनी’. फोटो माझ्या डीपीवरून उचललाय, मला न विचारता. काढून टाका म्हणून फोन केला, तर सर म्हणाले, “ताई, तुम्ही आमच्याकडेच होतात ना? मग खोटं काय त्यात?”

खोटं काय ते इथे सांगते. त्यांच्याकडे पाच महिने शिकून मला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्यात ६ मिळाले. ७ मिळाले ते क्लास सोडल्यावर आठ महिन्यांनी, आणि त्या आठांतले दोन महिने त्यांनी घोटून घेतलेलं विसरण्यात गेले.

अकरावी-बारावी आणि बी.एस्सी. नर्सिंग मी लातूरला केलं, मग नांदेडला खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स. यूकेला जायचं तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलला, म्हणजे एनएमसीला, आयईएलटीएस ॲकॅडमिकमध्ये ऐकणं, वाचन आणि बोलणं यांत प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ लागतात. ऐकण्या-वाचण्याची मला भीती नव्हती. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्या मुलीला सराव परीक्षा नव्या नसतात. ट्युशन एरियात रोज पेपर सोडवायचा, चुका मोजायच्या, तोच प्रश्न पुन्हा सोडवायचा. त्या शिस्तीनं माझ्यासारख्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांना पुढे आणलं, आणि तिला मी नावं ठेवणार नाही. राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्यानंतरची माझी बॅच. बारा वर्षं इंग्रजी हा विषय होता. पण त्या बारा वर्षांत इंग्रजीत मला कुणी एक प्रश्न विचारला आणि मी माझ्या मनातलं उत्तर दिलं, असं एकदाही घडलं नाही.

क्लासनं नेमकं याच दुखण्यावर चुकीचं औषध दिलं. पहिल्याच आठवड्यात तीनशे पानांची पीडीएफ हातात आली. प्रश्न दर चार महिन्यांनी बदलतात असं सांगून पुढे तिची नवी आवृत्ती घ्यायला लावली, पैसे वेगळे. व्यक्तीवर कोणताही विषय आला तरी एकच उत्तर वापरायचं: शेजारचे निवृत्त प्राध्यापक अंकल, जे पहाटे धावतात आणि गरीब मुलांना फुकट शिकवतात. जागेवर आलं की स्वित्झर्लंड. दहा मॉक टेस्ट ठरल्या होत्या, झाल्या दोन. त्या घेणारी मुलगी स्वतः परीक्षेला कधी बसलेली नव्हती, हे तिनंच मला नंतर सांगितलं. तिचा दोष नाही, तिला महिन्याचे किती मिळत होते तेही मला माहीत आहे.

परीक्षा हैदराबादला दिली. फी तेव्हा सतरा हजारांच्या घरात होती, म्हणजे माझा एक पगार. समोर परीक्षक बाई, टेबलावर रेकॉर्डर. पहिल्या चार-पाच मिनिटांत घर, काम, सवयी यांवरचे प्रश्न. ते पार पडले. मग बाईंनी कार्ड पुढे सरकवलं. आदर वाटणाऱ्या एखाद्या वयस्कर व्यक्तीबद्दल बोलायचं होतं. मला आनंद झाला. हे तर आलंय! तयारीला एक मिनिट, कागद आणि पेन्सिल मिळते. त्या मिनिटात मी काही विचार केला नाही. पाठ केलेल्या परिच्छेदांचे पहिले शब्द तेवढे लिहिले.

चौथ्या वाक्यात ‘फिलॅन्थ्रॉपिस्ट’ हा शब्द होता. तो आला नाही. तो आला नाही म्हणून पाचवं वाक्य आलं नाही. शाळेत पाठ केलेली कविता मध्येच तुटली की पोरं पहिल्या ओळीपासून सुरू करतात ना, तशी मी पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू झाले आणि पुन्हा तिथेच अडकले. बाई शांत. मग त्यांनी एक छोटा प्रश्न विचारला, “डू यू स्टिल मीट हिम?”

तुम्ही त्यांना अजून भेटता का. पाचवीच्या मुलीला यावं असं उत्तर. आणि मला ते देता येईना, कारण त्या अंकलना मी कधीच भेटले नव्हते. ते नव्हतेच. त्याच क्षणी डोळ्यांपुढे आजी उभी राहिली. कंधार तालुक्यातली माझी आजी, आजोबा गेल्यावर पाच एकर कोरडवाहूवर तीन लेकरं वाढवणारी, मला दवाखान्याच्या नोकरीला लागताना “पेशंटला आधी पाणी विचारत जा” एवढंच सांगणारी. तिच्याबद्दल मी मोडक्या इंग्रजीतसुद्धा दोन मिनिटं बोलले असते. ती माझ्याकडे असताना मी एका नसलेल्या माणसाबद्दल खोटं बोलत बसले होते, आणि तेही मला येत नव्हतं.

तिसऱ्या भागात चर्चा असते. म्हाताऱ्या माणसांनी कुटुंबात राहावं की वृद्धाश्रमात? मी वॉर्डात काम करते. डिस्चार्ज झाल्यावरही न्यायला कुणी आलं नाही म्हणून गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली म्हातारी मी पाहिलीय. बोलले काय? “एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स.” क्लासनं सांगितलेलं वाक्य.

निकाल आला: ऐकणं ७.५, वाचन ७, लेखन ६.५, बोलणं ६. सरांकडे गेले तर त्यांनी निकालाचा कागद नीट वाचलासुद्धा नाही. म्हणाले, “तुम्ही नर्व्हस झालात. परीक्षक कडक मिळाला असेल. फेरतपासणी टाका, नाहीतर आपला क्रॅश कोर्स करा, तुमच्यासाठी अर्धी फी.” उरलेल्या आठ मॉक टेस्टचं विचारलं, तर फोन आला म्हणून बाहेर गेले. अर्धा तास मी तिथे बसून होते. समोरच्या भिंतीवर आठ-आठ बँडवाल्यांचे फोटो होते. घरी बाप म्हणाला, “कामून रडायलीस माय? पैसे गेले तर गेले.” ते ऐकून जास्तच रडू आलं.

एक गोष्ट मला नंतर कळली आणि ती आजही जास्त टोचते. एनएमसी दोन परीक्षांचे गुण जोडू देते. अट अशी की दोन्ही परीक्षा १२ महिन्यांच्या आत झालेल्या असाव्यात आणि कोणत्याही परीक्षेत ऐकणं, वाचन, बोलणं ६.५ च्या खाली आणि लेखन ६ च्या खाली नसावं. मला बोलण्यात ६.५ असते, तर बाकीचे तीन गुण माझे राहिले असते. अर्ध्या बँडमुळे चारही विषयांत लागणारे गुण पुन्हा मिळवावे लागले. शिवाय नर्सेससाठी ओईटी ही वेगळी परीक्षा चालते, तिच्या बोलण्याच्या भागात पेशंटशी बोलण्याचे दोन प्रसंग असतात, प्रत्येकी पाचेक मिनिटांचे. जे मी रोज करते तेच. क्लासनं तिचं नावसुद्धा काढलं नाही, कारण ती त्यांच्याकडे शिकवलीच जात नव्हती. म्हणून आधी ज्या देशात, ज्या संस्थेकडे जायचंय तिचे नियम तिच्याच वेबसाइटवर वाचा. ते बदलत असतात.

आता मी काय केलं ते सांगते.

आमच्या इन्चार्ज सिस्टर केरळच्या. त्यांचं इंग्रजी ऐकताना मल्याळम लगेच कळतं, आणि त्यांना बोलण्यात ७.५ होते. म्हणजे नाकातून गोऱ्यांसारखं बोलायला लावणारे लोक तुमचा वेळ घालवतात. गुण चार गोष्टींना मिळतात आणि चारींचं वजन सारखं: ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. उच्चारात ढब चालते, समजायला अडचण झालेली चालत नाही. हे निकष परीक्षेच्या अधिकृत वेबसाइटवर फुकट आहेत. मी ते पहिल्या निकालानंतर वाचले. तुम्ही पहिल्या दिवशी वाचा.

सिस्टर म्हणाल्या, ड्यूटी बदलताना हॅण्डओव्हर मला इंग्रजीत दे. रोज दहा मिनिटं. पेशंटला काय झालं होतं, आत्ता काय चाललंय, रात्री काय करायचं: तिन्ही काळ आपोआप येतात. आणि त्या मध्येच विचारायच्या, “व्हाय?” त्या ‘व्हाय’नं मला जेवढं शिकवलं तेवढं तीनशे पानांनी नाही. तुमचं काम वेगळं असेल, पण रोज कुणाला तरी काहीतरी सांगावं लागतंच. तेच इंग्रजीत सांगा, आणि ऐकणाऱ्याला मध्ये तोंड घालू द्या.

फोनवर दोन मिनिटांचं टायमर लावून रोज रेकॉर्ड करा आणि ऐका. ऐकायला जिवावर येतं, तरी ऐका. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये मी १९ वेळा ‘मीन्स’ म्हटलं होतं. आपलं ‘म्हणजे’ असं इंग्रजीत घुसतं. आपला ‘च’ तिकडे ‘ओन्ली’ होतो: “आय ॲम फ्रॉम नांदेड ओन्ली.” गेलेल्या दिवसांची गोष्ट सांगताना आपण मराठीत रंगात आलो की वर्तमानकाळात शिरतो, आणि इंग्रजीत तेच केलं की व्याकरणाचे गुण जातात. आजीची गोष्ट सांगताना मी दर तिसऱ्या वाक्याला तिला ‘शी’ऐवजी ‘ही’ म्हणत होते. उच्चारांत आपला एकच ‘व’ इंग्रजीत दोन कामं करतो. ‘व्हेरी’ला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, ‘वेल’ला ओठ गोल होतात. आणि ‘इज’चा शेवट ‘जेवण’मधल्या ज सारखा करू नका, ‘जग’मधल्या ज च्या जवळ न्या. तो आवाज आपल्याकडे आहेच.

नांदेडकरांकडे एक गोष्ट आहे जी कुठल्या क्लासकडे नाही. सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात कॅनडा-इंग्लंडहून शीख कुटुंबं येतात. मी सुट्टीच्या दिवशी लंगरच्या सेवेला जायला लागले. सेवा म्हणूनच गेले, आणि भांडी घासता घासता बोलणं झालं. इंग्लंडमध्ये वाढलेली एक मुलगी इतकी भराभर बोलायची की मला अर्धं कळायचं. मग विचारावं लागायचं, पुन्हा सांग. त्या सवयीनं परीक्षेतली भीती गेली. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगता येतं, त्याचे गुण कापत नाहीत.

आणखी थोडं. परीक्षक हसत नाहीत, दोन मिनिटं झाली की मध्येच थांबवतात. त्यांना तसंच करायचं असतं, मनावर घेऊ नका. मत बरोबर की चूक याला गुण नाहीत. कार्डवर खरं माणूस, खरी जागा घ्या. स्वित्झर्लंड नको, औशाचा किल्ला चालेल, कंधारचा चालेल. सगळं खरंच असावं असं नाही, तपशील वाढवला तर कुणी विचारत नाही, पण पाय खऱ्यावर असले की पुढच्या प्रश्नाला कोसळत नाही. पाठ केलेलं परीक्षकाला कळतं. सूर बदलतो, डोळे वर जातात. वाचन करा, बातम्या ऐका, झोप नीट घ्या. हे सगळे सांगतात, मीही सांगते.

दुसऱ्या वेळी कार्ड पाठ केलेल्या यादीतलं नव्हतं. मी अडखळले, दोनदा वाक्य दुरुस्त केलं, आणि बोलत राहिले. बोलण्यात ७, बाकीचेही जमले.

क्लास लावूच नका असं मी म्हणत नाही. पैसे भरण्याआधी मात्र तीन गोष्टी मागा. मॉक टेस्ट किती आणि कोण घेणार, हे पावतीवर लिहून घ्या. प्रत्येक मॉकचं रेकॉर्डिंग तुम्हाला मिळालं पाहिजे. आणि शिकवणाऱ्याचा स्वतःचा निकाल बघायला मागा. कुरकुर केली तर उठून या, अर्धा तास बसू नका.

शेवटचं. फ्लेक्सवर हसणारे फोटो असतात, त्यातल्या एखाद्याला शोधून फोन करा. नांदेड-लातूर एवढी मोठी नाहीत, कुणाच्या ना कुणाच्या ओळखीत माणूस सापडतं. माझा फोटो अजून तिथेच आहे. मला फोन आला, तर वर लिहिलंय तेच सांगेन.