होज क्लिप विकताना विचारायचे तीन प्रश्न

स्पेअर पार्ट्सचं दुकान टाकायचा विचार करताय? मग आज एका छोट्या वस्तूचा अभ्यास करू: कूलंटच्या होज पाइपची क्लिप. वस्तू स्वस्त आहे, पण चुकीची दिली तर कूलंट गळतं, इंजिन तापतं आणि हेड गॅस्केट गेलं की खर्च हजारांत जातो. मग तो मेकॅनिक तुमच्या काउंटरवर परत येत नाही.

इंजिन गरम असताना कूलिंग सिस्टिममध्ये साधारण १ बार दाब असतो. रबरी होज तापला की फुगतो, गार झाला की आकसतो. हे रोज चालतं. म्हणून गिऱ्हाईक "एक क्लिप द्या" म्हणालं की तीन प्रश्न विचारा.

१. माप किती?
होज नळीवर चढवल्यानंतर त्याचा बाहेरचा व्यास मोजायचा, आतला नाही. क्लिपवर २५–४० लिहिलंय म्हणजे २५ ते ४० मिमी. आपलं माप टोकाला नको, मधे हवं. ३८ मिमी असेल तर ३२–५० द्या.

२. पट्टी कशी?
पट्टीला आरपार खाचा असतील तर आवळताना रबर त्यात घुसून कापलं जातं. आतून गुळगुळीत आणि कडा वळवलेली पट्टी चांगली.

३. स्टील कोणतं?
"एसएस आहे" एवढ्यावर माल उचलू नका. डब्ल्यू१ म्हणजे सगळं झिंक चढवलेलं साधं स्टील. डब्ल्यू२ मध्ये पट्टी स्टेनलेस, स्क्रू साधा. डब्ल्यू४ मध्ये स्क्रूसुद्धा स्टेनलेस. कोकणात, खाऱ्या हवेत दुकान असेल तर डब्ल्यू४ ठेवाच. गंजलेला स्क्रू पुढच्या वेळी फिरत नाही.

आणि हो, गाडीला कंपनीची स्प्रिंग क्लिप असेल तर ती काढून स्क्रूची विकायची घाई नको. होज फुगला-आकसला तरी स्प्रिंग आपोआप पकड धरून ठेवते. ती सैल किंवा गंजलेली असेल तर त्याच मापाची नवी द्या.

सुरुवातीला वीस प्रकार भरून भांडवल अडकवू नका. १६–२७, २०–३२, २५–४० आणि ३२–५० अशी चार मापं पुरेत. प्रत्येकाचा डबा वेगळा, वर माप मोठ्या अक्षरात.

गृहपाठ: जवळच्या दोन गॅरेजमध्ये जा, कुठलं माप जास्त लागतं ते विचारा आणि मगच पहिली ऑर्डर द्या.