कमानी आणि पाट्या

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून फ्लोरा फाउंटनकडे जाणारा दादाभाई नौरोजी रस्ता, म्हणजे पूर्वीचा हॉर्नबी रोड, इमारतींच्या दर्शनी भागाच्या अभ्यासास फार सोयीचा आहे. येथील इमारती निरनिराळ्या शैलींच्या. परंतु तळमजल्यावरील कमानींची ओवरी त्यांना एका सूत्रात गुंफते. ऊन असो वा पाऊस, पादचारी तिच्याच आश्रयाने जातो. पुढे दुकानांच्या पाट्या वाढत गेल्या आणि दगडी कमानी त्यांच्यामागे दडल्या. १९९५ च्या वारसा नियमावलीने बाह्य बदलांवर बंधने आली. त्यानंतर दुकानदारांना विश्वासात घेऊन पाट्या कमानींच्या मापात बसविण्यात आल्या. २००४ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाची दखल घेतली गेली.

माझे वडील पाट्या रंगवतात. पाटी लहान झाली की मजुरीही लहान होते, हे मी घरातच शिकलो. साहजिकच हा नियम मला प्रथम अन्यायाचा वाटला. गेल्या दिवाळीत त्यांना त्या ओवरीत नेले. कमानीचा मधला दगड ते बराच वेळ पाहत राहिले. "ह्याच्यावर खिळा ठोकायला माझा हात धजला नसता," म्हणाले. आणि मजुरीचे काय, असे विचारले तेव्हा नुसते हसले.