अंडी आत आण, चिऊ

अगं चिऊ, आधी तो अपराधीपणा मनातून काढून टाक. कासवी नुसत्या नजरेनं पिल्लं पोसते, हे कीर्तनात ऐकत आपण मोठ्या झालो, म्हणून तुला वाटतंय की अंडी उचलली तर माय-लेकरांची ताटातूट होईल. तुझी हर्मन कासवीण मागच्या पायांनी खड्डा खणेल, अंडी घालेल, माती ओढून थापून सपाट करेल आणि चरायला निघून जाईल. मागे वळूनही बघायची नाही. तिचं आईपण जागा निवडण्यापुरतं. पुढचं सगळं उन्हाचं काम.

खरी अडचण तिथेच आहे. इटली-ग्रीसमध्ये ते ऊन मिळतं, मे-जूनमधली अंडी उन्हाळा सरता सरता फुटतात. तुझ्या यॉर्कशायरात ऐन जुलैतही माती तेवढी तापत नाही. पंचवीस अंशांच्या खाली गर्भ वाढत नाही म्हटलंस तरी चालेल. ग्रीनहाऊसचं म्हणशील, तर ऊन पडलं की आत चाळीस आणि ढग आले की वीस. पस्तिशीच्या वर गेलं की गर्भाच्या जिवावर बेततं. दक्षिणेकडे तोंड करून वाळूमिश्रित मातीचा ढीग जरूर घाल, पण तो तिला अंडी घालायला. उबवायला इन्क्युबेटरच बरा.

उकरताना चमचा नको, बोटं आणि मऊ ब्रश घे. उचलण्याआधी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीनं फुली कर आणि शेवटपर्यंत तीच बाजू वर ठेव. कोंबडीच्या अंड्यांसारखी ही फिरवायची नसतात. गर्भ एकदा आत चिकटला की उलटापालट त्याला सोसत नाही. ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये अर्धी रुतवून ठेव. तापमान 31च्या आसपास असू दे. तिशीच्या खाली बहुतेक नर होतात, तेहतिशीच्या वर माद्या. साधारण दोन महिने लागतील. पिल्लानं टोचा मारला की घाई करू नकोस. दिवस-दोन दिवस ते कवचातच बसून पोटाशी उरलेला बलक आत ओढून घेतं. ओढून काढलंस तर नुकसान तुझंच.

आणि आता जरा कडू बोलते. सगळी अंडी उबवायलाच हवीत असं कुठे लिहिलंय? हे जनावर पन्नास वर्षं सहज जगतं. तिकडे हर्मन कासव विकायचं तर सर्टिफिकेट लागतं, आणि फुकट नेणारा पुढे नीट सांभाळेलच याचा भरवसा नाही. सांभाळणारं घर आधी शोध. जितकी घरं, तितकीच अंडी ठेव. बाकीची पहिल्या दिवशीच सरळ फ्रीझरमध्ये टाक, अजून आत काही वाढलेलं नसतं. आणि पिल्लांचे फोटो आईला पाठवशील, तर तिला हेही सांग, की पुण्यात स्टार कासव घरी आणणं गुन्हा आहे. तिला तेवढं निमित्त पुरतं!